पहिल्या फळाचं पाकीट

त्या वर्षी हंगामाच्या सणाचं कीर्तन दुपारी ठेवावं लागलं, ते बिबट्यामुळे. चर्चच्या मागे ऊस, उसात मादी आणि मादीबरोबर दोन पिल्लं. दिवस कलला की बाया घराबाहेर पडेनात. वनखात्याने लावलेला पिंजरा आतली शेळी सांभाळत नुसताच उभा होता. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "स्तुती काय, उन्हातही होते. शुक्रवारी दीडला सुरू करा, तीनला आटपा. म्हातारी माणसं उजेडात घरी पोचतील."

एस्तेरमावशी मागच्या बाकावरून म्हणाल्या, "मला खाऊन त्या बिबट्याचं काय भागनार हाय? नुसती हाडकं. पन ठेवा दुपारी, सुनंला तरी येता येईल."

आमच्या मंडळीतलं कीर्तन म्हणजे कृपादान पारखे सर. हायस्कूलला गणित शिकवायचे, त्याच जूनमध्ये निवृत्त झाले होते. धोतर, पांढरा सदरा, गळ्यात उपरणं आणि हातात चिपळ्या. नमन संपवून ते डोळे मिटून उभे राहिले की पत्र्याच्या छपरावरच्या चिमण्यासुद्धा गप्प झाल्यासारख्या वाटायच्या. आख्यानात ते रडवायचे, आणि लोक रुमाल शोधत असतानाच असं काही बोलायचे की रडणारा हसायला लागावा. गोरक्ष त्यांना तबल्यावर साथ करायचा. तो शेजारच्या वस्तीवरचा, हरिनाम सप्ताहातही तोच वाजवायचा. म्हणायचा, "ठेका तोच हाय, देव ज्याचा त्यानं बघावा." मी मागे झांज धरायचो. ऐकायला सगळ्यात जवळची जागा ती, म्हणून मी ती कधी सोडली नाही.

हंगामाच्या सणाला आमच्याकडे ज्याच्या शेतात जे पहिलं पिकेल ते वेदीपुढे आणून ठेवतात. कणसं, भोपळे, कांदे, उसाची मोळी, एखादी कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो, पैसे मंडळीच्या कामाला जातात. पारखे सरांना गुंठाभरही जमीन नव्हती. दरवर्षी कुणीतरी हटकून विचारायचंच, "काय मास्तर, तुमच्या शेतात औंदा काय पिकलं?" सर हसून म्हणायचे, "माझ्या शेतात नापास पोरं पिकतात. आणू का दोन?" लोक हसायचे. सरही हसायचे, पण ते त्यांना लागायचं. आयुष्यभर इतरांच्या पहिल्या फळावर कीर्तन केलं, स्वतःचं एकदाही ठेवलं नाही, असं मला त्यांनी एकदा बोलून दाखवलं होतं.

राहायला मिशनच्या आवारातलं क्वार्टर होतं. नोकरी संपली की ते सोडायचं. नाताळ झाला की नवे शिक्षक राहायला येणार होते. सरांच्या पत्नी लिडियावहिनींनी संगमनेरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, दोन खोल्या आणि न्हाणीघर असलेलं एक घर पाहून ठेवलं होतं. पुढे पेरूचं झाड होतं. लग्नापासून वहिनी दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी अर्ज करत आल्या होत्या. त्या घराचा विसार देऊन झाला होता, खरेदीखत नाताळाच्या आधी व्हायचं होतं. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून सरांचे एकवीस लाख आले होते, त्यांतच ते घर बसत होतं. तोपर्यंत पैसा नुसता पडून का ठेवायचा, म्हणून सरांनी तो संगमनेरच्या एका ब्रोकरकडे खात्यात टाकला आणि शेअरबाजारात ऑप्शनचं काम सुरू केलं. त्या ऑफिसात त्यांचा जुना विद्यार्थी हर्षल कामाला होता.

एकदा पेटी उचलून कपाटात ठेवताना मी त्यांना विचारलं, "सर, हे नेमकं करता तरी काय तुम्ही?"

"विमा विकतो, सॅमभाऊ."

"एलआयसी?"

"नाही हो. कुणाला तरी भीती असते की बाजार पडेल. त्याला मी म्हणतो, अमुक पातळीच्या खाली पडला तर तुझं नुकसान मी भरीन, त्याबद्दल आज मला एवढे दे. बाजार पडला नाही की ते पैसे माझे."

"आणि पडला तर?"

"म्हणून तर मीही दुसऱ्याकडून तसाच विमा घेऊन ठेवतो, आणखी खालच्या पातळीचा. स्वस्तात मिळतो. म्हणजे कितीही पडला तरी माझं नुकसान एका मर्यादेत थांबतं. विकलेला आणि घेतलेला असे दोन्ही जोडीने असले की ब्रोकरही डिपॉझिट कमी मागतो. मार्जिन म्हणतात त्याला. घेतलेला काढून टाकला आणि विकलेला एकटाच रात्रभर ठेवायचा म्हटलं, तर तो चौपट मागतो. बरोबरच आहे त्याचं. रात्रीत काय होईल कुणी सांगावं?"

गणिताचे शिक्षक ते. बेहिशेबी नव्हते. चार महिने त्यांनी सगळं जोडीनेच केलं, आणि दर महिन्याला घरखर्चापुरतं सुटत गेलं. यंदा सणाला यातलंच काहीतरी वेदीपुढे ठेवायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. 

मात्र त्या शुक्रवारी बाजार सकाळपासून पडत होता. मी साडेबाराला बाक मांडायला गेलो, तेव्हा सर चर्चच्या बाजूच्या खोलीत मोबाईल घेऊन बसले होते. चेहरा मात्र खुललेला.

"सॅमभाऊ, फळ तोडलं!"

"कसलं?"

त्यांनी मोबाईल दाखवला. मला आकडे कळले नाहीत. त्यांनी समजावलं ते असं : बाजार पडल्यामुळे विकलेल्या विम्यात तोटा दिसत होता, पण स्वतःसाठी घेतलेल्या विम्याची किंमत चांगली वाढली होती. तो त्यांनी नफ्यात विकून टाकला. ते पैसे हातात पडायला दोन दिवस लागणार, म्हणून नफ्याएवढीच रक्कम एटीएममधून काढून आणली आणि पांढऱ्या पाकिटात घातली. पाकिटावर लिहिलं होतं, 'पहिलं फळ – कृ. पारखे'.

"पण सर, तो तर तुमच्या राखणीचा होता ना? आणि द्यायचंच होतं तर तो न विकता, नुसते बँकेतले द्यायचे."

"खिशातून दिलं तर ती वर्गणी झाली. फळ झाडावरनं तोडावं लागतं, सॅमभाऊ. या आठवड्यात झाडावर पिकलेलं हे एकच होतं." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "घाबरू नका. तीननंतर फोन करतो म्हणून हर्षलला सांगून ठेवलंय. तीनला आपलं कीर्तन संपतं, बाजार साडेतीनला बंद होतो. आत्ता भाव चढलेत, मधल्या वेळात मी खालच्या पातळीचा दुसरा घेतो. जोडी पुन्हा जमली की रात्रीच्या मार्जिनचा प्रश्नच नाही. प्रश्न फक्त रात्रीचा असतो."

दरवर्षी कीर्तन संध्याकाळी असायचं. तसं असतं तर बाजार बंद होईपर्यंत ते मोकळे असते आणि हिशेब पक्का होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आदल्या वर्षी ऐन प्रार्थनेत कुणाच्या तरी खिशात लग्नाच्या वरातीतलं गाणं वाजलं होतं. तेव्हापासून सरांनीच नियम केला होता : कीर्तनाआधी सगळ्यांचे मोबाईल दुरडीत, आणि पहिला कीर्तनकाराचा. दुरडी लिडियावहिनींच्या मांडीवर. सरांनी आपला फोन आवाज बंद करून दुरडीत ठेवला, वहिनींकडे बघून हसले आणि पुढे जाऊन उभे राहिले.

आणि मग ते कीर्तन झालं.

मी पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत. हिंदूंची, आमची, नगरच्या मोठमोठ्या बुवांची. पण त्या दुपारी सरांचा गळा जो लागला, तो पुन्हा कधी कानी पडला नाही. त्यांनी स्वतःच रचलेलं पद होतं :

पहिले कणीस तुझे, मग माझी रास ।
हाती तुझ्या देता उणे नाही घरास ॥

आख्यान एका सालगड्याचं. त्याच्याकडे द्यायला काही नसतं, म्हणून तो मालकाच्या बांधावर स्वतःच्या हाताने लावलेल्या एकाच ज्वारीच्या ताटाचं कणीस घेऊन येतो, आणि वेदीपर्यंत पोचायच्या आत एक चिमणी त्यातले दाणे टिपते. तो चिमणीला हाकलत नाही. सरांनी ती चिमणी अशी काही उभी केली की पुढच्या रांगेतली पोरं खाली बघायला लागली. गोरक्षने डाव्या हाताने चिमणीच्या पावलांचा ठेका धरला. माझी झांज आपोआप हळू झाली.

आख्यान संपलं तेव्हा सरांनी दारावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून गेले होते. त्यांनी आरतीसाठी हात जोडले, तेवढ्यात एस्तेरमावशी उठून उभ्या राहिल्या.

"मास्तर, ते कनसाचं पुन्हा म्हना. माझं मन भरलं न्हाई."

"मावशी, उशीर होईल. बिबट्या..."

"तो बसंल ऐकत! म्हना वं."

बाया हसल्या, आणि पाठोपाठ चारपाच जणींनी तेच धरलं. सर एक क्षण थांबले. दुरडीकडे त्यांची नजर गेली, ती मी पाहिली. मग त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत पद उचललं. लोक टाळ्यांवर आले. सगळं चर्च गात होतं. दुरडीत एक फोन थरथरत होता, पुन्हा पुन्हा. वहिनींनी, निजलेल्या बाळाला थोपटावं तसा, त्याच्यावर हात ठेवला.

आरती झाली, आशीर्वाद झाला. सर घामाने भिजलेले, लोक पाया पडायला येत होते. ते वाट काढत दुरडीपाशी पोचले आणि फोन घेऊन बाहेर चिंचेखाली गेले. बाजार बंद झाला होता. हर्षलचे फोन येऊन गेलेले. सरांनी लावला. मी शेजारीच होतो, आवाज मोठा ठेवला होता.

"सर, कुठे होतात? मी वेड्यासारखा लावतोय!"

"कीर्तनात होतो बाळा. काय झालं?"

"तुमचा एकटा विकलेलाच राहिला ना. मार्जिन बारा लाखांनी कमी पडलं. मुंबईच्या हेड ऑफिसवाले तीन वाजल्यापासून मागं लागले होते, भरा नाहीतर सौदा आम्हीच बंद करून काढतो. काढतच होते सर. मी भांडलो. म्हटलं, हे माझे सर आहेत, यांच्यामुळे मी दहावी सुटलो. सोमवारी नऊच्या आत पैसे भरतील, माझी जबाबदारी. ऐकलं त्यांनी. थोडा दंड लागेल, पण सौदा वाचवला तुमचा."

 सरांनी हळू विचारलं, "काढली असती तर किती गेले असते?"

"चाळीसेक हजार. पण कशाला घालवायचे सर? सोमवारी वर येईल बाजार."

"बरं. उपकार झाले हर्षल," सर म्हणाले. फोन ठेवून ते चिंचेला टेकून उभे राहिले. पाठीमागे बायका पद गुणगुणत घरी निघाल्या होत्या.

शनिवारी ते आबासाहेब देठ्यांकडे गेले. आमच्या मंडळीत पैसा असलेलं ते एकच घर. आबासाहेब नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तुमच्यासाठी ठेव मोडीन. चार दिवसांचाच प्रश्न ना? सोमवारी बँक उघडली की पहिलं काम तुमचं."

"बँक दहाला उघडते आबासाहेब. बाजार सव्वानऊला."

"आता बाजार बँकेच्या आधी उघडतो, याला मी काय करू?"

त्याच संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. आखातात कुणी कुणावर क्षेपणास्त्रं टाकली, तेलाची जहाजं अडली. आमच्या गावात त्या समुद्राचं नाव कुणाला धड घेता येत नव्हतं. सरांनी टीव्ही बंद केला. वहिनींना वाटलं, दमले असतील.

रविवारी चर्च भोपळ्यांनी आणि कणसांनी भरून गेलं होतं. एकेक जण येऊन वेदीपुढे ठेवत होता. सर उठले, पाकीट घेऊन गेले आणि कांद्यांच्या राशीवर अलगद ठेवलं. कुणीतरी ओरडलं, "पिकलं! मास्तरांच्या शेतात पिकलं!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एस्तेरमावशींनी तर उठून त्यांची अलाबला घेतली. सर हसले. ते हसू बघून मी झांज खाली ठेवली.

लिलाव बाहेर मांडवात चालला होता. गोरक्ष एका भोपळ्यावर आबासाहेबांशी चढाओढ करत होता.

"तीनशे! आबासाहेब, सोडा आता, भोपळाच हाय, कारखान्याची निवडणूक न्हाई."

"साडेतीनशे!" आबासाहेब म्हणाले आणि शेजारी उभ्या असलेल्या लिडियावहिनींकडे वळून, चांगल्या मनानेच, हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, उद्याची काळजी करू नका. बारा लाख म्हणजे मोठी रक्कम, पण मी बघतो काय होतं ते."

"कसले बारा लाख?" वहिनी म्हणाल्या.

आबासाहेबांना तेव्हा कळलं. भोपळा चारशेला गोरक्षला गेला, त्यांनी पुढे बोलीच दिली नाही.

वहिनी सरांना घेऊन मांडवाच्या मागे गेल्या. भांडणाचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने त्या परत आल्या, पदर खोचला आणि बायकांबरोबर जेवणाची पानं वाढायला लागल्या. वाढताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "सॅमभाऊ, तुम्हाला ठाऊक होतं?"

"शुक्रवारी कळलं वहिनी."

"मला दुरडी दिली होती धरायला," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पानावर भात वाढला.

सोमवारी सकाळी मी क्वार्टरवर गेलो. काय करणार होतो कोण जाणे, पण त्यांना एकटं ठेवायचं नव्हतं. सर ओट्यावर बसले होते, फोन पुढ्यात स्टुलावर. वहिनींनी चहा दिला, तो कुणी प्यालं नाही. आतल्या खोलीत नव्या घरासाठी घेतलेले पडदे घडी करून ठेवलेले दिसत होते.

बाजार उघडला तो उघडताच खाली आपटला. हर्षलचा फोन आला. 

"सर... काढलं त्यांनी. मी सांगत होतो पाच मिनिटं थांबा. नाही थांबले. ज्या भावाला मिळालं त्या भावाला काढलं."

"किती राहिले?"

"साडेसहा. साडेसहा लाख, सर." मग तो रडायला लागला. "शुक्रवारी मी तोंड बंद ठेवलं असतं तर... मी कशाला मध्ये पडलो सर!"

"हर्षल, ऐक," सर म्हणाले. वर्गात फळ्याजवळ बोलवायचे तोच आवाज. "तू मला वाचवायला गेलास. त्यात तुझं काही चुकलं नाही. उत्तर चुकलं ते माझ्या पहिल्या पायरीला. डोळे पूस, कामाला लाग. आणि नोकरीवर येत असेल तर माझं नाव सांग."

फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, "त्याला धीर दिलात. बरं झालं. पोरगं आहे." मग न प्यालेला कप उचलत म्हणाल्या, "मला काय देता?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग स्टुलावरचा फोन पालथा ठेवला. 

पेरूचं झाड असलेलं ते घर गेलं. मालकाला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते, तो तरी किती थांबणार. विसारही त्याने परत केला नाही, आणि तसं ठरलेलंच होतं. चारेक दिवसांनी पाळकसाहेब क्वार्टरवर आले. त्यांनी खिशातून तेच पांढरं पाकीट काढलं. पंचांनी ठरवलं होतं, हे परत करावं.

सर उठून उभे राहिले. "नको. वेदीवर ठेवलेलं परत घ्यायचं नसतं. ते तेवढं तरी राहू द्या माझं."

पाळकसाहेब घुटमळले. पाकीट पुन्हा खिशात घालणार, तोच वहिनी आतून आल्या. हात पिठाचे होते. ते पदराला पुसत त्यांनी एक हात पुढे केला.

"द्या इकडं."

"लिडिया," सर म्हणाले.

"तुम्ही दिलंत ते तुमचं फळ. माझं घर होतं ते. मला कुणी विचारलं नव्हतं." मग पाळकसाहेबांना म्हणाल्या, "संगमनेरला एक खोली बघितलीय. मालक डिपॉझिट मागतोय. उरलेल्या पैशांना हात लावायचा नाही, यात होईल."

पाकीट त्यांनी कमरेला खोचलं आणि चुलीपाशी परत गेल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना करू का म्हणून विचारलं. सर खाली बसले. पाळकसाहेबांनी केली. आतून भाकरी थापल्याचा आवाज शेवटपर्यंत येत होता.

नाताळाच्या आधीच त्यांनी क्वार्टर सोडलं. सामान गोरक्षच्या टेम्पोतून गेलं. पेटी मंडळीची म्हणून राहिली. चिपळ्या सरांच्या स्वतःच्या होत्या. त्या त्यांनी टेम्पोत ठेवल्या नाहीत, माझ्या हातात दिल्या. मी म्हटलं, सर, तिकडे लागतील. ते म्हणाले, "एका खोलीत शेजारी ऐकतात, सॅमभाऊ."

त्याच आठवड्यात बिबट्याची मादी पिंजऱ्यात सापडली, पिल्लांसकट. गावाने गाडीमागे धावत जाऊन बघितली. रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं की देवाच्या कृपेने भीती गेली, आता कीर्तन पुन्हा संध्याकाळी ठेवता येईल. एस्तेरमावशींनी मागून विचारलं, "पन म्हननार कोन?"

पाळकसाहेबांनी पुढची सूचना वाचायला घेतली.